कोन ६ ला भाजलेले मग बुडातून पाझरतायत, भांडी कच्ची राहिली असतील का?

ओलीमाती:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज स्वतःच अडकलेय म्हणून धागा काढतेय. थोडं लांब लिहिणारे, कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात.

चार वर्षं झाली चाकावर बसतेय, दीड वर्षापूर्वी स्वतःची छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतली. माती स्टोनवेअरची (जास्त तापमानाला दगडासारखी घट्ट होणारी), पाकिटावर "कोन ६ ते १०" असं छापलंय (कोन म्हणजे किती भाजलं ते दाखवणारा, आचेने वाकणारा मातीचा छोटा सुळका, त्याच्या आकड्यावरून भाजणी ठरते). बिस्क (ग्लेझ लावायच्या आधीची पहिली भाजणी) कोन ०६ ला केलं, मग ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) लावून कोन ६. कंट्रोलरवर १२२२ डिग्री आले, भट्टी आपोआप बंद झाली, दुसऱ्या दिवशी उघडली तर सगळी भांडी छान चकचकीत, म्हणून मी काम झालं असं धरून चालले. सतरा मग होते, त्यातले अकरा मैत्रिणींना दिले.

परवा एकीने फोटो पाठवला, लाकडी टेबलावर मगाच्या बुडाएवढा गोल ओला डाग. मला वाटलं बाहेरून ओला असेल. पण मन लागेना म्हणून माझ्याकडचे सहा मग पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवले. सकाळी चार मगांखालचा कागद ओला होता आणि दोन खणखणीत कोरडे. माती तीच, ग्लेझ तेच, भट्टीचा लोडसुद्धा तोच, मग हा फरक कुठून आला? आणि महिनाभर कुणाची काही तक्रार नव्हती, आताच का पाझरायला लागले?

लोकांच्या हातात मी दिलेली वस्तू अशी निघाली याचं फार वाईट वाटतंय, नीट कळून घ्यायचंय.


चाकफेरी:

ओलीमाती, वाईट वाटून घेऊ नकोस, निदान तू कागदावर ठेवून तपासलंस तरी. लक्षणं कच्च्या भाजणीचीच वाटतायत पण आधी दोनतीन गोष्टी करून बघ म्हणजे अंदाजावर जायला नको.

एक म्हणजे आवाज. मग तळहातावर मोकळा धर आणि कडेला टिचकी मार. पक्कं भाजलेलं स्टोनवेअर घंटेसारखं लांब वाजतं, कच्चं राहिलेलं बद्द वाजतं. फक्त तडा गेलेलं भांडंही बद्दच वाजतं म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नकोस, पाझरणारे आणि कोरडे मग शेजारी शेजारी वाजवून फरक ऐक.

दुसरं, बुडाचा बिनग्लेझचा भाग कोरडा करून जिभेला लाव. जीभ चिकटली तर मातीची भोकं अजून उघडी आहेत, ती पाणी ओढतायत. बिस्क जिभेला चिकटतं ते यामुळेच. कोन ६ ला पक्व झालेली माती चिकटत नाही.

आता मुख्य, वजन. त्याच लोडमधलं बिनग्लेझचं काही आहे का तुझ्याकडे? टेस्ट टाइल, छोटी ताटली, काहीही? असेल तर ओव्हनमध्ये पूर्ण वाळव, वजन कर. मग पाण्यात ५ तास उकळ आणि त्याच पाण्यात २४ तास राहू दे. काढून ओल्या फडक्याने वरचं पाणी टिप, लगेच वजन कर. जितकं वजन वाढलं त्याला कोरड्या वजनाने भाग, शंभराने गुण, हे झालं शोषणाचं प्रमाण. रोजच्या वापराच्या स्टोनवेअरला मी स्वतः २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, १ च्या आत आलं तर उत्तमच. पोर्सिलेन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं आणि लाल टेराकोटा सहज १० ते १५ टक्के पितो.

आणि दोन प्रश्न. भट्टीत साक्षीला कोन ठेवले होतेस का? कोरडे राहिलेले दोन मग कुठल्या शेल्फवर होते?


ओलीमाती:

चाकफेरीताई खूप आभार! कोन नव्हते ठेवले, कंट्रोलर आहे म्हटल्यावर लागत नाहीत असं वाटलं होतं. शेल्फ तीन होते. कोरडे दोन्ही वरच्या शेल्फवरचे असणार, कारण वरती मी उंच मग ठेवले होते आणि हे दोन उंचच आहेत. जीभ लावली, पाझरणाऱ्या चारही मगांना चिकटली. बिनग्लेझची एक ताटली आहे खालच्या शेल्फवरची, आज उकळायला घालते.


पहिलाचाक:

मधेच घुसतोय माफ करा, मी अगदी नवीन आहे. हे कोन ०६ आणि कोन ६ वेगळे असतात का? आमच्या क्लासमध्ये सगळे नुसतं "सिक्स" म्हणतात आणि मी गप्प बसतो.


चाकफेरी:

@पहिलाचाक, विचारलंस हे फार बरं केलंस, या एका शून्यापायी लोकांचे लोडच्या लोड कच्चे निघालेत. कोन ०६ म्हणजे साधारण १००० डिग्री, कोन ६ म्हणजे साधारण १२२२. सव्वादोनशे डिग्रीचा फरक! शून्य पुढे असलं की आकडे उलटे चालतात, ०६ पेक्षा ०४ गरम, ०१ नंतर १ येतो आणि मग सरळ वर. म्हणून बोलताना "ओ सिक्स" किंवा "शून्य सहा" असं पूर्ण म्हणायचं, आणि दुसऱ्याच्या भट्टीत भांडी देताना चिठ्ठीवर कोनही लिहायचा आणि डिग्रीही. कोन ६ चं ग्लेझ चुकून ०६ ला भाजलं तर ते खडूसारखं कोरडं, पांढुरकं, हाताला खरखरीत निघतं, कळतं लगेच. ओलीमातीचं ग्लेझ चकचकीत आलंय म्हणजे तिच्याकडे ही चूक नाही, तिचं प्रकरण जास्त अवघड आहे कारण वरून सगळं ठीक दिसतंय.


रानवाट:

मला वाटतं आपण उगाच घाबरवतोय. मातीची भांडी पाझरतातच, तो मातीचा गुण आहे, पाणी थंड ठेवणारं मडकं पाझरतं म्हणून तर पाणी गार होतं. बुडाला आतून बाहेरून एक वॉटरप्रूफ सीलर मारला की काम झालं, बाजारात मिळतात.


धूरराख:

@रानवाट, मी खड्ड्यातली भाजणी करणारा माणूस, सच्छिद्र भांड्यांवर माझा जीव आहे, तरी इथे असहमत. सच्छिद्र असणं वेगळं आणि कच्चं असणं वेगळं. पाणी थंड करणारं भांडं तसंच हवं म्हणून बनवलेलं असतं, त्याला आतून ग्लेझ नसतं, पाणी भिंतीतून बाहेर येतं, वाऱ्यावर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ती माती साधारण ८००-९०० डिग्रीला जेवढी पक्की व्हायची तेवढी झालेली असते. माझ्या खड्ड्यात तर ६०० ते ९०० च्या मधेच कुठेतरी असतं, एकाच भांड्याच्या दोन बाजूंनासुद्धा फरक पडतो, त्यामुळे मी माझी भांडी पाणी ठेवायला किंवा जेवायला देतच नाही, घेणाऱ्याला तोंडावर सांगतो.

ओलीमातीचा मग ग्लेझ लावलेला आहे, वापरणारा त्याला चिनीमातीचा मग समजूनच वापरणार, मायक्रोवेव्हमध्ये ठेवणार, सिंकमध्ये भिजत टाकणार. पाणी बुडातून आत शिरतं आणि ग्लेझच्या पाठीमागे अडकून बसतं. मायक्रोवेव्हमध्ये ते पाणी तापतं, मग मगातलं पेय कोमट पण कान हाताला चटका देईल इतका गरम. कधी वाफेने भांडं तडकतंही. आणि बाहेर थंडीत ठेवायची कुंडी असेल तर पाणी गोठताना जवळजवळ ९ टक्के फुगतं, कच्च्या भिंतीचे पापुद्रे सुटतात.

सीलरचं म्हणशील तर शोभेच्या फुलदाणीला आतून मारा, माझी हरकत नाही. तोंडाला लागणाऱ्या, गरम होणाऱ्या, रोज घासल्या जाणाऱ्या भांड्याला नको.


रानवाट:

मायक्रोवेव्हचं लक्षात नव्हतं आलं माझ्या. बरोबर आहे, मग सीलरचा सल्ला मागे घेतो.


भट्टीकर:

भट्ट्या दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली, म्हणून जरा भट्टीच्या बाजूने लिहितो. ओलीमातीताई, कंट्रोलरवर १२२२ आले याचा अर्थ एवढाच की थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या दांडीच्या) टोकापाशी १२२२ आले. ते टोक भिंतीतल्या एका जागी असतं. भांडी दुसरीकडे असतात.

वर कोरडे आणि खाली पाझरणारे म्हटल्यावर मला पहिला संशय खालच्या कॉइलींवर (भट्टी तापवणाऱ्या तारांवर) आहे. कॉइल जुनी होत जाते तसा तिचा रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की करंट कमी, करंट कमी की उष्णता कमी. खालच्या कॉइली जास्त थकल्या असतील तर वरचा भाग वेळेवर पोचतो आणि तळ मागे राहतो. तुम्ही भट्टी नवीन घेतलीत की वापरलेली ते लिहिलं नाहीत. लाइनचा व्होल्टेजही बघा, लोक याकडे लक्ष देत नाहीत, व्होल्टेज १० टक्के पडला तर भट्टीची ताकद १९ टक्के पडते कारण हिशोब वर्गात जातो. संध्याकाळी सगळीकडे लोड असताना भट्टी लावत असाल तर रात्री लावून बघा.

थर्मोकपल किती आत आलंय तेही पाहा. टोक कॉइलच्या अगदी जवळ गेलं असेल तर त्याला आजूबाजूपेक्षा गरम वाटतं, कंट्रोलर लवकर बंद करतो, भांडी कच्ची. उलट ते भिंतीत आत दबलेलं असेल तर त्याला थंड वाटतं आणि भांडी जास्त भाजली जातात. थर्मोकपल जुनं झाल्यावर बहुतेक वेळा कमी दाखवायला लागतं, म्हणजे तीही जास्त भाजण्याचीच बाजू, तुमच्या केसमध्ये मला तो दोषी वाटत नाही.

आणि भरणी कशी होती? खालच्या शेल्फवर बुटकी भांडी दाटीने लावली असतील तर तिथे माल जास्त, हवा कमी, तापायला वेळ जास्त लागतो, आणि वेळ मिळायच्या आत भट्टी बंद झाली.

पुढच्या वेळी तिन्ही शेल्फवर कोन ५, ६, ७ असे तीन तीन लावा. ५ पूर्ण वाकलेला, ६ चं टोक खाली टेकलेलं, ७ जेमतेम कललेला, असं दिसलं तर त्या शेल्फवर कोन ६ झाला. बाकी कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका.


पहिलाचाक:

पण मशीन डिग्री अचूक दाखवत असेल तर मातीचा तुकडा वाकतोय की नाही हे कशाला बघायचं?


चाकफेरी:

कारण भांडं नुसत्या डिग्रीने पिकत नाही, डिग्री आणि वेळ मिळून पिकतं. १२२२ ला धडाधड पोचून लगेच बंद केलेली भट्टी आणि शेवटचे शंभर डिग्री तासाला ६० च्या वेगाने चढून १२२२ ला पोचलेली भट्टी, दोन्हीचा आकडा एकच पण आतली भांडी वेगळी. कोन मातीचाच असतो, त्यात तीच सिलिका, तोच फेल्डस्पार (तापल्यावर वितळून काच होणारं खनिज), तो भांड्यासोबतच पिकतो, म्हणून तो भांड्याच्या मनातलं सांगतो. मला या कल्पनेचं फार कौतुक वाटतं. १७८२ मध्ये जोसाया वेजवुडने रॉयल सोसायटीपुढे जो पायरोमीटर मांडला तो असाच होता, मातीचे छोटे तुकडे भट्टीत ठेवायचे आणि बाहेर काढून किती आटले ते पट्टीवर मोजायचं. पुढे १८८६ ला बर्लिनमध्ये हेर्मान सेगरने कोन बनवले, १८९६ ला अमेरिकेत एडवर्ड ऑर्टनने. आजही आपण तेच वापरतो.


ओलीमाती:

निकाल आला. ताटली कोरडी ३१२ ग्रॅम, उकळून भिजवून ३३१ ग्रॅम. म्हणजे १९ ग्रॅम पाणी प्यायली, ६.१ टक्के! मी दोनदा वजन केलं, मला खरंच वाटेना.

@भट्टीकर दादा, भट्टी वापरलेली घेतली होती, आधीच्या मालकाने किती वर्षं वापरली माहीत नाही. खालचं शेल्फ गच्च भरलं होतं हेही खरं, बुटके मग सगळे तिथेच.

एक कळत नाहीये. मगाला आतून तर ग्लेझ आहे, काच आहे ती, तिच्यातून पाणी बुडापर्यंत जातंच कसं?


निळीझिलई:

ओलीमाती, एक काम कर. पाझरणाऱ्या मगाच्या आतल्या तळाला पेनाची शाई चोळ, पाच मिनिटांनी पुसून टाक, मग दिव्याखाली धरून बघ. (हा मग नंतर पुन्हा भाजायचाच आहे, शाई जळून जाईल, काळजी नको.)


ओलीमाती:

जाळं!! बारीक निळ्या रेषांचं जाळं आहे पूर्ण तळभर, चारही मगांत. वरच्या शेल्फच्या दोघांत एकही रेघ नाही. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.


निळीझिलई:

वाटलंच होतं. आता सविस्तर लिहिते, कारण "महिनाभराने का" याचं उत्तर यातच आहे.

माती भट्टीत पाणी दोनदा सोडते. पहिलं ओलेपणाचं, ते शंभर डिग्रीच्या आसपास संपतं. दुसरं पाणी मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेलं असतं, ते साधारण ४५० ते ६०० डिग्रीच्या दरम्यान निघून जातं, आणि त्यानंतर ती माती पाण्यात टाकली तरी परत चिखल होत नाही. याच्या आत राहिलेलं भांडं खऱ्या अर्थाने कच्चं, बादलीत ठेवलं तर विरघळेल. पुढे ९००-१००० पर्यंत कण एकमेकांना टोकाटोकाला चिकटतात, मधल्या पोकळ्या तशाच, हे झालं आपलं बिस्क. त्याही पुढे, स्टोनवेअरमध्ये साधारण ११५० च्या वर, फेल्डस्पार वितळायला लागतो, त्याची काच होते आणि ती पोकळ्यांमध्ये शिरून त्या बंद करत जाते. तुझी भांडी या शेवटच्या टप्प्यात अर्ध्या वाटेवर थांबलीयत. ग्लेझ मात्र मुद्दाम कमी तापमानाला वितळेल असंच बनवलेलं असतं, त्यात फ्लक्स (वितळायला मदत करणारे पदार्थ) जास्त, म्हणून ते वेळेवर पिकलं आणि आतली बॉडी (ग्लेझखालची माती) मागे राहिली. भांडं चकचकीत दिसलं की सगळे फसतात ते इथेच.

आता सच्छिद्र बॉडी हवेतली ओल धरते, धुताना बुडाच्या उघड्या कडेतून पाणी पिते, आणि तिच्यातला काही भाग ती ओल रचनेत परत बांधून घेतो, त्याने ती किंचित फुगते. हे हळूहळू होतं, दिवसांत, महिन्यांत. काच फुगत नाही. खालचं फुगलं आणि वरचं तेवढंच राहिलं की ग्लेझवर ताण येतो आणि शेवटी ते बारीक तडकतं. म्हणजे भट्टीतून काढताना तुझं ग्लेझ बहुतेक अखंडच होतं, नंतर तडकलं, मग पाण्याला वाट मिळाली. हे जाळं अगदी पहिल्या दिवसापासूनचंही असू शकलं असतं, ग्लेझ आणि बॉडीचं आकसणं जुळत नसेल तर तसं होतं, पण मग वरच्या शेल्फच्या दोन मगांतही दिसलं असतं.

आता मातीच्या पाकिटाबद्दल, यावर मला दरवेळी राग येतो. "कोन ६ ते १०" अशी रुंद रेंज छापलेली माती कोन ६ ला पक्व होऊच शकत नाही, जर ती १० ला पक्व होणार असेल तर. एकाच मातीत चार कोनांचं पक्वपण बसत नाही, ६ ला पूर्ण बंद झालेली बॉडी १० ला फुगेल किंवा बसेल. अशा रेंजचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की ६ ला भाजली तर उभी राहील. रोजच्या भांड्यांना माती घेताना त्या कोनाला शोषण किती ते विचारा, आणि सांगितलेला आकडा स्वतः ताटली उकळून पडताळा. ओलीमाती, तुझी माती ठीक कोन ६ ला किती पिते हे अजून आपल्याला कळलेलंच नाही, कारण तुझा खालचा शेल्फ कोन ६ झालाच नसावा. दोन्ही कारणं असू शकतात.

आणखी एक. ज्यांचं ग्लेझच कच्चं राहिलंय, म्हणजे दुधी, कोरडं, खरखरीत, त्यांनी ते भांडं खाण्यापिण्याला अजिबात वापरू नका. नीट न वितळलेल्या काचेत धातू पक्के बांधले जात नाहीत, आंबट पदार्थात सुटतात. तांबं, मँगनीज, बेरियम, आणि जुन्या किंवा अनोळखी ग्लेझमध्ये शिसं, कॅडमियम. घरी व्हिनेगर रात्रभर ठेवून सकाळी रंग उडालाय का बघता येतं, रंग बदलला तर भांडं बाद, पण रंग नाही बदलला म्हणजे सुरक्षित असं मात्र नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते, तिथे ४ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड २४ तास भांड्यात ठेवून त्यात किती शिसं-कॅडमियम उतरलं ते मोजतात.


खापरवेडा:

फार सुंदर चर्चा चाललीय. मी उत्खननातल्या खापरांवर काम करतो, आमच्याकडे कच्ची भाजणी रोजचीच. जमिनीतून निघालेलं खापर लगेच पाण्यात धुवायला घ्यायचं नाही हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात, आधी एका कोपऱ्याला थेंब लावून बघायचं, कारण कमी भाजलेलं खापर ब्रशखाली पुन्हा माती होऊन जातं आणि हजारो वर्षं टिकलेली गोष्ट आपल्या हातात संपते.

चेक प्रजासत्ताकात डोल्नी वेस्टोनित्से इथे १९२५ मध्ये एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली, पंचवीस हजार वर्षांहून जुनी, मातीची, शेकोटीच्या आचेवर भाजलेली. अंदाजे ५०० ते ८०० डिग्री. निळीझिलईंनी लिहिलेला तो दुसरं पाणी जाण्याचा टप्पा पार झाला, म्हणून ती आज आहे. मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांचंही तसंच, बहुतेक नुसत्या उन्हात वाळवलेल्या असायच्या, पण इसवी सनपूर्व ६१२ मध्ये निनवे जळालं तेव्हा तिथल्या राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहातल्या कित्येक पाट्या आगीत भाजून पक्क्या झाल्या.

फुटलेल्या मगाचा तुकडा असेल तर त्याची ताजी कड बघा. मधे काळा पट्टा दिसला तर मातीतलं सेंद्रिय जळायला वेळ मिळाला नाही, भाजणी घाईत झाली. कड एकसारख्या रंगाची पण भुरभुरीत, नखाने कण निघतायत, तर तापमान कमी पडलं. पक्क्या स्टोनवेअरची कड दगडासारखी तुटते, धारदार.


धूरराख:

यात अजून एक भर, पांढरा ठिपका आणि त्याच्यावरून उडालेला छोटा टवका दिसला तर ती कच्ची भाजणी समजू नका. मातीतला चुनखडीचा खडा असतो, भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, आठवड्याने तो हवेतली ओल घेऊन फुगतो आणि वरचा टवका उडवतो. पुन्हा भाजून तो बरा होत नाही, माती गाळूनच घ्यावी लागते.


ओलीमाती:

उशीर झाला, पण कोन लावून रिकामी बिस्कची भांडी घालून पुन्हा भट्टी लावली, सेटिंग अगदी पहिल्यासारखंच ठेवलं. वरच्या शेल्फवर ६ बरोबर टेकलाय. मधल्यावर ५ पूर्ण वाकलाय, ६ नुसता कललाय. खालच्यावर ५ सुद्धा अर्धाच वाकलाय! म्हणजे खाली जेमतेम कोन ४ च्या आसपास झालं. मी कंट्रोलरकडे बघून निवांत बसले होते आणि खाली दोन कोनांचा फरक होता.

एक माणूस बोलावून कॉइली मोजल्या, खालच्या दोन कॉइलींचा रेझिस्टन्स वरच्यांपेक्षा बराच वाढलाय. बदलायच्या ठरवल्यात.

आता पुढचा प्रश्न, हे मग परत भाजता येतील का? वापरलेले आहेत, पाणी प्यायलेले आहेत.


चाकफेरी:

येतील, पण घाई केलीस तर भट्टीत फुटतील. भिंतीत अडकलेलं पाणी वाफ होताना जागा मागतं, आणि आता ते ग्लेझच्या मागे आहे, बाहेर यायला फक्त बुडाची कड. आधी चारपाच दिवस उबदार जागी उलटे ठेव. मग भट्टीत ९० डिग्रीला रात्रभर, निदान ८ तास, झाकण किंचित उघडं. त्यानंतर २०० पर्यंत तासाला ६०, ६०० पर्यंत तासाला १०० च्या वर नको. ५७३ ला मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि खाली येताना त्याच जागी आकसतं, तिथे दोन्ही वेळा हळू जायचं. ११२० पर्यंत मग १५० चालेल, शेवटचे शंभर डिग्री तासाला ६० ने, आणि वर १५ मिनिटं धरून ठेव. थांबायचं कधी हे कोन ठरवेल.

बुडं घासून स्वच्छ कर, शेल्फला किल्न वॉश (भांडं चिकटू नये म्हणून लावायचा लेप) दे, कारण ग्लेझ दुसऱ्यांदा वितळताना खाली सरकतं. खालच्या शेल्फवर दाटी करू नकोस. आणि सगळे मग एकदम घालू नकोस, आधी तुझे चार आणि ती ताटली. एखादा जाईल, मनाची तयारी ठेव. ज्या भांड्याचा कान जाड आणि भिंत पातळ ते आधी जातं.


भट्टीकर:

कॉइली नवीन टाकल्यावर पहिली भट्टी रिकामी लावा, कोन मात्र तिन्ही शेल्फवर ठेवा. नवीन कॉइलींवर भट्टी जुन्या सवयीपेक्षा गरम जाईल, वरचं शेल्फ आता जास्त भाजलं जाऊ शकतं, ते बघून मगच मग घाला.


ओलीमाती:

तीन आठवड्यांनी लिहितेय, धागा वर काढतेय.

कॉइली बदलल्या. रिकामी भट्टी लावली, तिन्ही शेल्फवर कोन ६ टेकला, वर किंचित जास्त. मग चाकफेरीताईंनी लिहिलंय तसंच टप्प्याटप्प्याने चार मग आणि ताटली. चारातला एक कानाच्या मुळाशी तडकला, ताईंनी म्हटलं तसाच जाड कानाचा होता. बाकी तीन छान निघाले. ग्लेझचा रंग गडद झालाय, उंची ९६ मिलिमीटरवरून ९५ झाली, म्हणजे बॉडी खरंच अजून आटली. टिचकीचा आवाज तर बदललाच, मी किती वेळ नुसती वाजवत बसले होते.

ताटली पुन्हा ५ तास उकळली, २४ तास भिजवली. कोरडी ३१२, ओली ३१६. १.३ टक्के. शाई चोळली, जाळं नाही. दोन रात्री कागदावर पाणी भरून ठेवले, कागद कोरडा.

सगळ्या मैत्रिणींना फोन करून खरं काय ते सांगितलं, मग परत मागवले. नऊ आलेत, दोन यायचेत. कुणी वाईट वाटून घेतलं नाही, एकीने तर तडकलेला मग पेनं ठेवायला मागून घेतला.


निळीझिलई:

१.३ म्हणजे ही माती कोन ६ ला वापरण्याजोगी होते, मला त्या पाकिटावरून शंकाच होती, पण आकडा आकडा आहे. तरी पुढच्या खेपेला माती आली की पुन्हा एक ताटली उकळ, दर खेपेची माती तीच नसते. आणि महिनाभराने त्या तीन मगांना पुन्हा शाई चोळून बघ, जाळं उशिरा येतं हे तूच पाहिलंयस.


पहिलाचाक:

ओलीमातीताई, वरच्या शेल्फचे ते दोन कोरडे मग? तेही परत भाजणार का?


चाकफेरी:

त्यांना उगाच त्रास देऊ नको. ते कोन ६ झालेलेच आहेत. वाळवून वजन कर, उकळून वजन कर. ग्लेझ असल्यामुळे आकडा ताटलीपेक्षा कमीच दिसेल, पण १ च्या वर गेला तर इथे लिही.


ओलीमाती:

आज रात्री वाळवायला ठेवते, परवा आकडे टाकते.